सैपाकघरापर्यंतची वायर

दारव्ह्याच्या आमच्या घरात टीव्ही ओसरीतच असतो. संच आजवर चारदा बदलला, जागा बदलली नाही. काळा-पांढरा जाऊन रंगीत आला, पाठीला पोक असलेला जाऊन सपाट आला, कवेलूंवरची अँटेना उतरून तिथं थाळी बसली. पण टीव्ही त्याच कोनाड्याखाली आणि समोर काकाजींची आरामखुर्ची त्याच फरशीवर. काकाजी चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, काकूही तेच म्हणतात.

यंदा कापूसवेचणीच्या दिवसांत मी गेलो तर माळ्यावर कुणीतरी सरपटत असल्याचा आवाज येत होता. वर वहिनी होत्या. दातांत टॉर्च, खांद्यावर निळ्या वायरचं वेटोळं. वहिनी म्हणजे काकाजींची सून, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. खाली काकाजी खुर्चीत, डोळे पेपरात आणि कान माळ्यावर.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"घर वाटून रायली तुझी वहिनी," काकाजी म्हणाले. "ज्याच्या त्याच्या खोलीत ज्याचा त्याचा टीव्ही."

वरून आवाज आला, "वाटून नाही हो मामाजी, जोडून रायली!"

(आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांचा गोंधळ नको.)

वहिनी खाली आल्या, केसांतली जळमटं झटकली आणि बेत सांगितला. ओसरीतल्या टीव्हीमागे जुना कॉम्प्युटर ठेवायचा, थाळीची एक तार त्यातल्या ट्यूनर कार्डाला द्यायची. ठरवून दिलेला कार्यक्रम लागला की कॉम्प्युटर तो आपला आपण हार्ड डिस्कवर उतरवून घेणार. तिथून निळी वायर माळ्यावरून सैपाकघरात. तिथं जुना बावीस इंची टीव्ही फडताळाच्या बाजूला टांगायचा, त्याच्या पाठीला अँड्रॉइडचा तळहाताएवढा डबा. रेकॉर्डिंग ओसरीत, पाहणं सैपाकघरात, हवं तेव्हा. पुढेमागे आणखी दोन खोल्यांत.

"आणि इंटरनेटचं बिल कोण भरणार?" काकाजी.

"इंटरनेट लागतच नाही. आपल्या विहिरीचं पाणी आपण मोटरनं टाकीत चढवतो, टाकीतून ते नळानं न्हाणीत जातं. त्याचं बिल नगरपालिका पाठवते का? हे तसंच. घरातलं घरात."

मी मधे पडलो, "घरात वायफाय आहे ना? मग वायर कशाला?"

"भिंती पाहा ना, भाऊजी. दीड हाताच्या, मातीच्या. ओसरीतलं वायफाय माजघराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन बसतं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला पावणेदोन-दोन जीबी जागा लागते. चित्र न अडखळता यायला सेकंदाला चार-पाच मेगाबिट पुरतात. जुनी कॅट-५ वायरसुद्धा शंभर नेते, आणि शंभर मीटरपर्यंत नेते. आपलं घर काही शंभर मीटर लांब नाही."

काकाजींनी पेपराची घडी घातली. शाळेत ते फळा पुसायला वळायचे तेव्हा वर्ग जसा गप्प व्हायचा, तसे आम्ही गप्प झालो.

"प्रश्न वायरचा नाही. ह्या ओसरीत काय होतं ते तुम्ही पाहिलं नाही. २५ जानेवारी १९८७, रविवार. सकाळी साडेनऊला रामायण सुरू झालं. त्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या जुलैअखेरपर्यंत दर रविवारी इथं पन्नास-साठ माणूस. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत. मागच्या गल्लीतली म्हातारी टीव्हीला हात जोडून बसायची. मुंग्या आल्या की एक पोट्टा कवेलूंवर चढून अँटेना फिरवायचा, खालून दहा जण ओरडायचे, 'आली, आली, गेली!' कार्यक्रम संपला की तासभर त्याचीच चर्चा. आता काय? प्रत्येकाच्या खोलीत वेगळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. काल काय पाहिलं हे बोलायला दुसरा माणूस तर लागतो! टीव्ही दहा जणांनी एका वेळी पाहिला तर त्याची गोष्ट होते. एकट्यानं पाहिला तर नुसता वेळ जातो."

खोटं नव्हतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये २८ मार्चपासून दूरदर्शननं तेच रामायण पुन्हा दाखवलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. तेव्हा घरोघरी मोबाइल होते, स्वस्त डेटा होता, आणि तरी माणसं घड्याळ पाहून टीव्हीसमोर बसली. एकट्या १६ एप्रिलच्या रात्री ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. हवं तेव्हा पाहता येतं म्हणून सगळ्यांना हवं तेव्हाच पाहायचं असतं असं नाही. काकाजींच्या बाजूनं याहून मोठा पुरावा नाही आणि तो मीच त्यांना पुरवला. वहिनींनी माझ्याकडे फितुराकडे पाहावं तसं पाहिलं.

मग सैपाकघराच्या दारातून काकू बोलल्या. हात पिठाचे होते.

"गुरुजी, थे साठ माणसं रामायण पाहत होते ना, त्याइले चहा कोण करत होतं?"

काकाजी काही बोलले नाहीत.

"मी रामायण ऐकलं. पायलं नाई. रावण कसा दिसते थे मले दोन हजार वीस साली समजलं, भांडे घासून झाल्यावर, रात्रीच्या भागात. सकाळचे भाग तवाबी चुलीपाशीच गेले."

एवढं सांगून त्या आत गेल्या, कारण तव्यावर भाकर होती.

मला वाटतं, त्या दिवशीचा वाद खरं तर इथंच निकाली निघाला होता. पुढचा दीड तास आम्ही फक्त तपशील बोललो. एका टीव्हीनं घर एकत्र बांधलं असं आपण म्हणतो तेव्हा त्या घरातली किमान एक व्यक्ती त्या बांधणीच्या बाहेर उभी असते. तिला आवाज येत असतो, चित्र दिसत नसतं. पण तपशिलांतही बरंच काही होतं, म्हणून लिहितो.

काकाजींनी पहिला तपशील पैशाचा काढला. "सैपाकघरात टीव्ही पाहिजे ना? पाहिजेच. मग दुसरं कनेक्शन घ्या. सरळ हिशोब. हे माळ्यावरचे उद्योग कशाला?"

"दुसऱ्या कनेक्शनचा हिशोब सरळ नाही," वहिनी म्हणाल्या. "फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे दर आले, तेव्हा शंभर वाहिन्यांच्या नुसत्या जोडणीचे महिन्याला १३० रुपये आणि वर कर. त्याच घरात दुसरा टीव्ही, तर पुन्हा आकार. लोक ओरडले, म्हणून २०२० मध्ये नियम आला की दुसऱ्या टीव्हीला जोडणीचा आकार चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त लावायचा नाही. पण पैशाच्या वाहिन्या घ्यायच्या तर त्यांचे पैसे वेगळेच."

"म्हणून तर लोक एकाच बॉक्सवर दोन टीव्ही चालवतात."

"चालवतात ना! बॉक्समधून दुसरी तार काढायची आणि आतल्या टीव्हीला लावायची. मग ओसरीत तुम्ही बातम्या लावल्या की माजघरातही बातम्याच. तुम्ही चॅनल बदललं की आतल्या माणसाचं चॅनल बदललं. रिमोट ओसरीतच."

हे आमच्या घरात दोन वर्षं चाललं होतं. आजीला तिच्या शेवटच्या आजारपणात माजघरातल्या खाटेवरून कीर्तन पाहायचं असे आणि ऐन अभंगात समोर संसद यायची. आजी म्हणायची, "आता हे कोण बुवा?"

"आणि समजा, दुसरं कनेक्शन घेतलंही," वहिनी पुढे म्हणाल्या, "तरी त्यानं फक्त खोली सुटते. वेळ सुटत नाही. आईंचा कार्यक्रम लागतो तेव्हा त्या गोठ्यात असतात. सैपाकघरात दुसरा टीव्ही असून काय उपयोग, माणूसच तिथं नाही! रेकॉर्डिंगनं वेळ सुटते, वायरनं खोली सुटते. दोन्ही पाहिजे."

जगात हे दोन प्रश्न काही वर्षांच्या अंतरानं सुटले. अमेरिकेत १९९९ मध्ये हार्ड डिस्कवर टीव्ही उतरवून घेणारे डबे बाजारात आले. टिवो आणि रिप्लेटीव्ही ही त्यांतली दोन नावं. दोनच वर्षांत रिप्लेटीव्हीनं एका खोलीतल्या डब्यावरचं रेकॉर्डिंग घरातल्या नेटवर्कवरून दुसऱ्या खोलीतल्या डब्यावर पाहायची सोय दिली. तेवढ्यावर न थांबता जाहिराती आपोआप गाळणं आणि रेकॉर्डिंग इंटरनेटवरून परक्या घरी पाठवणंही दिलं, आणि मोठ्या स्टुडिओंनी २००१ मध्येच कोर्टात खेचलं. कंपनी २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली. खोलीतून खोलीत नेण्याला फारशी कुणाची हरकत नव्हती. जाहिराती गाळल्या आणि घराचा उंबरा ओलांडला तिथं भांडण पेटलं. हा उंबरा लक्षात ठेवा, तो आमच्या ओसरीतही येणार आहे.

आपल्याकडे टाटा स्कायनं २००८ मध्ये रेकॉर्डिंगचा डबा आणला, पुढे रेकॉर्डिंग घरच्या वायफायवरून मोबाइलवर घेता येईल असाही एक काढला. आमच्या गल्लीत असा डबा कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. आणि थोड्याच वर्षांत, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आलं. मग रेकॉर्डिंग या शब्दाचीच गरज संपली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही.

"खरं म्हणजे नवीन यात काहीच नाही," मी म्हणालो. "१९८० च्या दशकात मुंबईच्या उंच इमारतींत हेच चालायचं. खाली कुठंतरी एक व्हीसीआर, जिन्यातून वर गेलेली तार, घराघरात तोच सिनेमा. आपल्याकडचं केबल टीव्ही जन्मलं ते असंच. उपग्रहवाहिन्या मागून आल्या, १९९१ च्या सुमारास, आणि केबलचा कायदा तर १९९५ चा."

काकाजी खुलले. "आणि आपल्याकडे भाड्याचा व्हिडिओ यायचा! टीव्ही, व्हीसीआर, तीन सिनेमे, एक रात्र. वर्गणी काढायची. दोन सिनेमे व्हायचे आणि तिसऱ्यात लाइन जायची. ते खरं वाटून घेणं. अंगणात, पोत्यावर बसून."

"त्यात बाया होत्या का?" आतून आवाज.

"होत्या ना. मागे बसायच्या."

"तिसऱ्या पिच्चरले उठून जात होतो आमी. सकाळी पाणी भराचं राहे."

आता काकाजींनी शिक्षकी डाव टाकला. "बरं, सूनबाई, मला एक सांग. तू म्हणतेस कॉम्प्युटर सगळं उतरवून घेईल. मग हिच्या सिरियलीही उतरवेल?"

वहिनी अडखळल्या. "नाही. म्हणजे, त्या पैशाच्या वाहिन्यांवर असतात. त्यांचा सिग्नल कुलूपबंद. ते कुलूप कंपनीच्या कार्डानं, कंपनीच्याच बॉक्समध्ये उघडतं. त्या बॉक्समध्ये रेकॉर्ड केलं तरी ते बहुतेक त्याच बॉक्सवर चालतं, दुसऱ्या खोलीत नेलं की नुसता अंधार. माझ्या ट्यूनरवर येतं ते फ्री डिशचं, कुलूप नसलेलं. सह्याद्री येतं. बाकीच्या खासगी वाहिन्या दरसालच्या लिलावात येतात-जातात."

"म्हणजे जे पाहायचंय तेच येणार नाही!" काकाजी इतके आनंदले की खुर्चीतून अर्धे उठले. "एवढा माळा पालथा घातला, आणि जिच्यासाठी घातला तिच्या सिरियलीच नाहीत. अरे, ह्याला म्हणतात नाकापेक्षा मोती जड."

मलाही हसू आलं. वहिनींनी सैपाकघराकडे पाहिलं. काकू हात पुसत बाहेर आल्या आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. टीव्हीसमोर त्यांना बसलेलं पाहिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही त्या टीव्हीकडे पाठ करूनच बसल्या.

"कोण म्हणलं मले सिरियली पायजे?"

"मग?"

"सह्याद्रीवर शेतीचा कार्यक्रम लागते ना सांजच्याले. थो."

काकाजींचं बाहेरचं आयुष्य शाळेत गेलं. सात एकर वावर काकूंनी पाहिलं. मजूर लावणं, बियाणं आणणं, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बोंडअळीच्या डोमकळ्या दिसल्या की त्या तोडून जाळणं, सगळं त्यांचं. आम्ही सगळे हे जाणून होतो, आणि तरी बाईमाणसाचा टीव्ही म्हणजे सिरियल असं आम्ही जवळजवळ सगळे धरूनच चाललो होतो. काकाजींनी धरलं, वहिनी सोडून बाकी घरानं धरलं, आणि पत्रकार म्हणून मिरवणाऱ्या मीही धरलं. सह्याद्रीवर एके काळी 'आमची माती आमची माणसं' लागायचं तेव्हा ते पाहायला ओसरीत काकाजी असत, आणि त्यांना पऱ्हाटी आणि तुरीतला फरक सांगता येई एवढीच शेती येत होती. हे मी त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे.

"बोंडअळीचं सांगतात तिथं," काकू म्हणाल्या. "सापळे किती लावाचे, कवा फवारा माराचा, कवा नाई माराचा. मागच्या साली अर्धं ऐकलं. एकरी दोन कामगंध सापळे लावा, एवढं ऐकू आलं आन् म्हैस हंबरली. पुढचं काय बोलला थो माणूस, कोणाले मालूम!"

पुढचं असं आहे: सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. हे मी नंतर विचारून घेतलं. ऐकलेलं अर्धं आणि न ऐकलेलं अर्धं यांत एक-दोन फवारण्यांचा फरक पडतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी ही साधी गोष्ट राहिलेली नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तोंडाला काय बांधायचं, वारा कुठून असताना फवारायचं नाही, दोन औषधं मनानं का मिसळायची नाहीत, हे सांगणारी पंधरा मिनिटं सैपाकघरापर्यंत पोचली की नाही, याचं मोल करमणुकीच्या मापानं काढता येत नाही.

"पण हे सगळं यूट्यूबवर आहे," मी माझं शेवटचं शस्त्र काढलं. "फोनवर पाहा ना, काकू."

"पायते कधीमधी. नातवानं देल्ला तर. पण तिथं जो तो औषधच विकून रायला. एक म्हणते हे मारा, दुसरा म्हणते थे मारा, दोघाईच्या हातात डबा. सह्याद्रीवर अकोल्याच्या विद्यापीठातला माणूस येते, थो डबा नाई दाखवत. आन् पिठाच्या हातानं फोन सरकत नाई, बाप्पा."

अकोल्याचं विद्यापीठ म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. ते १९६९ पासून आहे, कापसावरचं त्याचं काम आमच्या भागात सगळ्यांना माहीत. त्याच्या शास्त्रज्ञाचं बोलणं आणि डबेवाल्याचं बोलणं यांतला फरक काकूंनी एका वाक्यात सांगितला. पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला तो समजवायला एक सत्र लागलं होतं.

काकाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एक जुनी, खरीच टोचणारी शंका काढली. "दुसऱ्याचा कार्यक्रम असा उतरवून ठेवायचा, ही चोरी नव्हे? मी पोरांना आयुष्यभर कॉपी करू नका म्हणून सांगितलं."

वहिनी याच प्रश्नाची वाट पाहत असाव्यात. "कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ३९ मध्ये लिहिलंय की स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग केलं तर हक्कभंग होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरबद्दल साधारण हेच ठरवलं, तेही पाच विरुद्ध चार अशा एका मतानं. वेळ बदलून पाहणं ही चोरी नाही. पैशाच्या वाहिनीचं कुलूप तोडणं हा वेगळा विषय. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्कभंगाच्या हेतूनं तसं करणं शिक्षेला पात्र आहे. म्हणून तर मी त्या वाटेला गेले नाही."

"घरात ठीक. घराबाहेर?"

इथं वहिनींचा चेहरा पडला. कारण काकूंनी आधीच सांगून टाकलं होतं की ओसरीत रेकॉर्डिंग सुरू झालं की ते पेनड्राइव्हवर घेऊन त्या बचतगटातल्या बायांना देणार. अकरा बाया. वाटपही ठरलं होतं, आज कोणाकडे, उद्या कोणाकडे.

"तर मग," काकाजी सावकाश म्हणाले, "खासगी वापर तो एवढाच, घरातला. पेनड्राइव्ह गल्लीत फिरला की तुझं कलम संपलं."

रिप्लेटीव्हीचा उंबरा आमच्या ओसरीत आला तो असा.

वहिनी नुसत्या वायरकडे पाहत राहिल्या. काकूंना कलम कळलं नाही, पण नाही म्हणतायत एवढं कळलं, आणि त्यांनी ते तोंडावर दाखवलंही. मी फोन काढून कायद्याचा मजकूर शोधला आणि मोठ्यानं वाचू लागलो. खासगी वापर. पुढे एक 'किंवा'. किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनाच्या हेतूनं.

"पुन्हा वाच," काकाजी म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"अध्यापन," काकाजी म्हणाले. चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेला मास्तर तो शब्द ज्या स्वरात म्हणतो त्या स्वरात. "पेनड्राइव्ह फिरवायचा नाही. बायांना इथं बोलवायचं. रविवारी, दुपारी, जेवणं झाल्यावर. रेकॉर्डिंग ओसरीत लावायचं, मधेच थांबवायचं, प्रश्न विचारायचे, फळ्यावर लिहायचं. २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीत 'कृषिदर्शन' सुरू झालं ते असंच. आजूबाजूच्या ऐंशी गावांत सामूहिक संच ठेवले होते. माणसं एकत्र बसून पाहायची. ते पाहणं नव्हतं, तो वर्ग होता."

"शेतीचं तुमी शिकवणार?" काकूंनी विचारलं.

"मी फळ्यावर लिहीन. तू शिकव."

यावर कलम ३९ खरंच लागू होतं का, हे मी वकील नाही म्हणून सांगू शकत नाही. ओसरीतला वर्ग म्हणजे अध्यापन, असं एखादा न्यायाधीश म्हणेल, एखादा म्हणणार नाही. पण एकत्र बसून पाहायच्या काकाजींच्या हट्टाला त्याच दुपारी एक काम मिळालं, आणि तेही ज्या यंत्राला त्यांनी घर वाटणारं म्हटलं त्याच यंत्रामुळे. कार्यक्रम थांबवता येत नसता तर फळ्यावर लिहायला वेळ कुठून मिळाला असता?

त्यांची एक हरकत मात्र वहिनींना खोडता आली नाही, मलाही नाही. काकाजी उठले, कपाट उघडलं आणि व्हीएचएसच्या तेवीस कॅसेटी खाली मांडल्या. नव्वदच्या दशकात शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून भरलेल्या. वर त्यांच्या वळणदार अक्षरात तारखा. बुरशीचे पांढरे ठिपके आतल्या फितीवर दिसत होते.

"यातली एकही मी पुन्हा पाहिली नाही," ते म्हणाले. "ठेवलंय म्हणजे पाहता येईल, आणि पाहता येईल म्हणजे आज नको. तुझ्या त्या डिस्कवर पाचशे तास मावतात म्हणतेस. पाचशे तास कोण पाहणार? जे निसटून जातं तेच माणूस धावत येऊन पाहतो."

वहिनी म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी जुनं आपोआप पुसलं जाईल असं लावते."

"मग ठेवायचं कशाला?"

"दोन आठवड्यांत म्हैस हंबरायची थांबेल म्हणून."

यावर दोघंही हसले, पण काकाजींचं म्हणणं तिथंच राहिलं. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातले कितीतरी कार्यक्रम टेप पुसून पुन्हा वापरल्यामुळे कायमचे गेले, याची हळहळ मराठी माणूस अजून करतो. आणि जे आपण जपून ठेवलं त्यावर बुरशी आली, याची हळहळ कुणी करत नाही. काकाजी त्या कॅसेटी पुन्हा कपाटात ठेवत होते. टाकून द्या, असं म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

संध्याकाळपर्यंत वायर सैपाकघरात पोचली. कुणाला करायचं असेल तर तीन गोष्टी सांगून ठेवतो. वायर कॅट-६ घ्या, थोडी महाग पडते पण पुढे बदलावी लागत नाही. माळ्यावरून नेताना पाइपातून न्या, उंदीर नुसती वायर सोडत नाहीत. आणि कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा. काकाजींच्या खोलीतही वायर न्यायची वहिनींची तयारी होती. ते नको म्हणाले, आणि यात कुणी त्यांचं मन वळवायचा प्रयत्न केला नाही.

तिसरी गोष्ट आम्ही स्वतः पाळली नव्हती. पहिल्याच दिवशी शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, कॉम्प्युटरवर लाल ठिपका लागला, काकू निर्धास्त गोठ्यात गेल्या, आणि लाइन गेली. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं झालं. रात्री भांडी आटोपल्यावर काकूंनी ते सैपाकघरात पाटावर बसून सलग दोनदा पाहिलं.